मोहल्ला एका फाइलीत मावत नाही

रक्तदात्यांची यादी, शिष्यवृत्तीचे अर्ज, मतदार यादीत नाव तपासून देण्याचे काम, रमजानमधील किराणा वाटपाची नोंद. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात मोहल्ला पातळीवर काम करणाऱ्या संस्थांकडे ही माहिती असते. ती कुठे ठेवलेली असते, असे विचारले तर उत्तर बहुधा एकच येते: कार्यालयातल्या एका कॉम्प्युटरवर, एका फाइलीत. आयटी शिकणाऱ्या कुणा होतकरू मुलाने किंवा मुलीने मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये ती मन लावून बनवलेली असते. पुढे संस्थेची वेबसाइट निघते आणि तीच फाइल वेबसाइटच्या मागे जोडली जाते. सुरुवातीला सगळे सुरळीत चालते. मग एक दिवस पान उघडायला वेळ लागू लागतो, दोघांनी एकदम अर्ज भरला तर एकाचा नोंदलाच जात नाही, आणि एखाद्या सकाळी फाइल उघडतच नाही.

अशा वेळी प्रश्न विचारला जातो तो ‘आता कोणते सॉफ्टवेअर घ्यायचे?’ असा. हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो दुसरा आहे. पहिला प्रश्न असा की या माहितीला जबाबदार कोण? फाइल भरल्यामुळे डेटाबेस अपुरा पडतो असे फार क्वचित होते. एका माणसाला जेवढ्या लोकांसाठी जबाब देता येईल त्यापेक्षा जास्त लोक तिच्यावर अवलंबून राहू लागले, की तो अपुरा पडलेला असतो.

आधी यंत्राचे समजून घेऊ. ॲक्सेस हे चांगले साधन आहे. १९९२ साली ते आले आणि प्रोग्रामिंग न शिकलेल्या माणसालाही तक्ते, अर्ज आणि अहवाल बनवता येऊ लागले. पण ते बनले टेबलावरच्या एका कॉम्प्युटरसाठी, फार तर एका छोट्या कार्यालयासाठी. किराणा दुकानातल्या खतावणीचे उदाहरण घ्या. दुकानात येणारा प्रत्येक जण स्वतःच खतावणी उघडतो, आपले पान शोधतो आणि स्वतःच लिहितो, अशी ही रचना आहे. मध्ये मुनीम नाही. ॲक्सेसची फाइल उघडली की तिच्या शेजारी कुलपाची एक छोटी फाइल तयार होते आणि आत कोण आहे हे तीत नोंदवले जाते. सगळी शिस्त एवढ्यावर चालते. लिहिता लिहिता वीज गेली किंवा नेटवर्क तुटले, तर पान अर्धवट राहते आणि कधी कधी वहीच खराब होते.

मायएसक्यूएल, मारियाडीबी, पोस्टग्रेएसक्यूएल हे सर्व्हरवर चालणारे डेटाबेस म्हणजे गल्ल्यावर बसलेला मुनीम. वहीला हात फक्त तोच लावतो. बाकीचे खिडकीतून मागणी करतात. मुनीम आधी रोजनाम्यात टिपतो, मग खतावणीत चढवतो. त्यामुळे मध्येच दिवे गेले तरी रोजनामा पाहून हिशेब जुळवता येतो. दोघांना वेगवेगळ्या ओळींवर काम करायचे असेल तर एकाला ताटकळावे लागत नाही. एखादा व्यवहार पुरा होतो किंवा अजिबात होत नाही. अर्धा होत नाही. वर सांगितलेले तिन्ही डेटाबेस मोफत मिळतात, आणि साध्या वेब होस्टिंगच्या पॅकेजमध्ये यांपैकी एखादा बहुधा आधीच दिलेला असतो. म्हणजे अडचण पैशाची नाही.

आकड्यांवर विसंबून राहू नये हेही सांगायला हवे. ॲक्सेसच्या एका फाइलीची कमाल मर्यादा २ जीबी आहे आणि एका वेळी २५५ जण ती उघडू शकतात असे कागदावर लिहिलेले आहे. मोहल्ल्यातल्या संस्थेची फाइल २ जीबीच्या जवळपासही जात नाही, म्हणून ‘आपल्याला अजून खूप जागा आहे’ असे वाटते. पण एकाच वेळी लिहिणारे पंधरा-वीस झाले तरी फाइल कुरकुरू लागते. उलट एसक्यूलाइट हा डेटाबेसही एका फाइलीचाच आहे, तरी रोज एक लाखापेक्षा कमी भेटी असलेल्या वेबसाइटला तो चालावा असे त्याचे निर्मातेच सांगतात. मात्र त्यातही एका क्षणी लिहिणारा एकच असतो. तेव्हा मोजायचे काय, तर किती जण वाचतात यापेक्षा किती जण एकदम लिहितात, आणि लिहिलेले हरवले तर नुकसान कुणाचे होते.

छोट्या साधनावर मोठे काम टाकले तर काय होते, याचा धडा इंग्लंडने २०२० मध्ये गिरवला. कोरोना चाचणीचे निकाल गोळा करताना तिथल्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत एक्सेलची जुन्या पद्धतीची फाइल वापरली जात होती. त्या पद्धतीत एका तक्त्यात ६५,५३६ ओळीच मावतात. ओळी संपल्यावर पुढची नावे गळाली, आणि कुणाला कळलेही नाही. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ बाधित रोजच्या आकडेवारीतून सुटले. त्यांना चाचणीचा निकाल मिळाला होता, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध वेळेवर सुरू झाला नाही. श्रीमंत देश, तज्ज्ञ माणसे, आणि घात केला तो एका तक्त्याच्या शेवटच्या ओळीने. छोटा डेटाबेस मोडताना नेहमी आवाज करतोच असे नाही. तो गप्प राहून नावे गाळतो, हा त्याचा खरा धोका.

दुसरा धडा आपल्या घरातला आहे. वक्फ मालमत्तांच्या नोंदणीसाठी केंद्र सरकारने ६ जून २०२५ रोजी ‘उमीद’ पोर्टल सुरू केले आणि सहा महिन्यांची मुदत दिली. पोर्टल संथ चालते, मध्येच बंद पडते, अशा तक्रारी घेऊन मुदतवाढीची मागणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १ डिसेंबरला न्यायालयाने सरसकट मुदतवाढ नाकारली आणि अडचण असलेल्यांनी न्यायाधिकरणाकडे जावे असे सांगितले. ६ डिसेंबरला मुदत संपली तेव्हा ५,१७,०४० मालमत्तांची नोंद सुरू झाली होती आणि त्यांतल्या २,१६,९०५ मंजूर झाल्या होत्या. कायद्याबद्दलची आपली मते आपल्या जागी आहेत. ती आपण मांडत राहू. पण यंत्राच्या बाजूने पाहिले तर एक गोष्ट दिसते. वेबसाइटवरचा भार सरासरीने येत नाही. तो मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात येतो. आपल्या संस्थेच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाचेही तसेच आहे. अकरा महिने शुकशुकाट, आणि शेवटच्या दोन रात्री सगळा मोहल्ला एकदम मोबाइलवर. ज्या दिवशी वेबसाइट सर्वांत जास्त हवी असते त्याच दिवशी ती कोसळते.

आणि ज्या मुतवल्लींकडे कागद, मोजमाप, सातबारा आधीच नीट लावून ठेवलेले होते, त्यांना शेवटच्या दिवसांची धावपळ तुलनेने कमी सोसावी लागली असणार, हे सांगायला आकडेवारी लागत नाही. सरकारी पोर्टल आपल्या हातात नाही, आपली नोंद आपल्या हातात आहे.

आपल्या तीन शहरांत हा भार वाढणारच आहे. २००१ च्या जनगणनेत बदलापूरची लोकसंख्या ९७,९४८ होती. २०११ मध्ये ती १,७४,२२६ झाली. अंबरनाथ त्याच काळात दोन लाखांवरून अडीच लाखांवर गेले आणि उल्हासनगर पाच लाखांच्या पुढे. त्यानंतरच्या वर्षांत मुंबईतून आणि ठाण्यातून परवडणाऱ्या घरासाठी इकडे आलेली कुटुंबे आपण रोज लोकलमध्ये पाहतो. नव्याने आलेल्या कुटुंबाला शाळा, दवाखाना, रेशन कार्ड, मतदार यादी या सगळ्याची माहिती आधी मोहल्ल्यातच विचारावी लागते. त्यातच केंद्राची अल्पसंख्याकांसाठीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून पहिली ते आठवीच्या मुलांसाठी बंद झाली आणि फक्त नववी-दहावीपुरती उरली. लहान मुलांच्या वह्या-पुस्तकांचा आणि फीचा प्रश्न स्थानिक संस्थांच्या दारात आला. पूर्वी पन्नास अर्ज येत असतील तिथे पाचशे आले, तर त्यांतला एकही गहाळ होऊ नये याची हमी एका मुलाच्या पेनड्राइव्हवर कशी देणार?

नोंद नसली की हक्क कसा निसटतो, हे उल्हासनगरला वेगळे सांगायला नको. कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींमध्ये फाळणीनंतर आलेले सिंधी निर्वासित राहिले आणि १९४९ मध्ये हे शहर वसले. मागे सोडलेल्या घरा-जमिनीचा दावा करायचा तर कागद आणि नोंद लागत होती. ज्याच्याकडे नव्हती तो खरे बोलत असूनही अडला. धर्म वेगळा असला तरी हा अनुभव आपल्यालाही परका नाही. जन्मदाखल्यातले एक अक्षर चुकले म्हणून पासपोर्टसाठी खेटे घालणारे घर प्रत्येक गल्लीत आहे.

मुस्लिम परंपरेत नोंद हा किरकोळ विषय नाही. कुरआनातली सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२ वी, उपासनेविषयी नसून उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. लिहिणारा कसा असावा आणि साक्षीदार किती असावेत, एवढ्या बारकाव्याने ती सांगते. दुसरे खलिफा हजरत उमर यांच्या काळात राज्य पसरले, महसूल वाढला, आणि कुणाला किती द्यायचे हे स्मरणावर चालेना. तेव्हा हिजरी २० च्या सुमारास त्यांनी ‘दीवान’ म्हणजे नोंदवही सुरू केली. जुन्या पद्धतीवर प्रेम असूनही काम मोठे झाल्यावर पद्धत बदलली पाहिजे, हे त्यांनी ओळखले. आज आपल्या संस्थांपुढे तोच प्रश्न लहान आकारात आहे.

आता सुरक्षिततेचे. ॲक्सेसवर चालणाऱ्या जुन्या वेबसाइटमध्ये एक ढोबळ चूक वारंवार आढळते. डेटाबेसची फाइल वेबसाइटच्या फोल्डरमध्येच ठेवलेली असते. फाइलीचे नाव कुणी ओळखले आणि सर्व्हरवर अटकाव नसला, तर ब्राउझरमध्ये पत्ता टाकून ती पूर्ण फाइल उतरवून घेता येते. नाव, वय, पत्ता, मोबाइल, धर्म, आजार, कुटुंबाचे उत्पन्न, सगळे एका झटक्यात. जुलै २०२१ मध्ये ‘सुल्ली डील्स’ आणि जानेवारी २०२२ मध्ये ‘बुल्ली बाई’ या नावांनी मुस्लिम स्त्रियांचे फोटो लिलावाच्या भाषेत मांडले गेले, हे आपण विसरलेलो नाही. ते फोटो समाजमाध्यमांवरून उचलले होते. वधू-वर सूचक मंडळाची किंवा विधवा मदत निधीची यादी अशा हातांत पडली तर काय होईल, याचा विचार यादी बनवतानाच करायला हवा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. पण कायदा नसता तरी अमानत ही अमानतच. ज्या बाईने आपला फोन नंबर विश्वासाने लिहून दिला, तिला तो कुठे ठेवला आहे हे विचारण्याचा हक्क आहे.

म्हणून स्थलांतराची पहिली पायरी माहिती कमी करण्याची आहे. रक्तदात्याचा धर्म कशाला हवा? पाच वर्षांपूर्वी मदत घेतलेल्या कुटुंबाची आधारची छायाप्रत अजून कशाला? जे लागत नाही ते नव्या घरात न्यायचेच नाही.

दुसरी पायरी साफसफाईची. एकच माणूस शेख, शैख आणि इंग्रजीत तीन स्पेलिंगनी नोंदलेला असतो. मोहम्मदचे मोहंमद, मो. आणि एम.डी. झालेले असते. पत्त्यात कुणी ‘कॅम्प नंबर ४’ लिहितो, कुणी ‘उल्हासनगर-४’, कुणी नुसता ४२१००४ हा पिनकोड. बदलापूरचा माणूस कुळगाव लिहितो आणि अंबरनाथचे इंग्रजी स्पेलिंग दोन प्रकारे चालते. यंत्राला ही सगळी वेगळी माणसे आणि वेगळी गावे वाटतात. हे जुळवण्यासाठी प्रोग्रामरइतकीच मोहल्ला ओळखणारी खाला किंवा चाचा लागतात. कोणता सलीम कोणत्या गल्लीतला, हे सर्व्हरला ठाऊक नसते.

तिसरी पायरी सावधपणे माहिती हलवण्याची. इथे काही ठरलेले खड्डे आहेत. मराठी मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकलेला असेल तर नव्या ठिकाणी तो अगम्य चिन्हांचा ढीग दिसेल. आधी त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करा. ॲक्सेसच्या क्वेरीत थेट लिहिलेली तारीख अमेरिकी क्रमाने, महिना आधी धरून वाचली जाते. म्हणून ५ जुलै ही ७ मे होते. पण २५ जुलै मात्र बरोबर येते, कारण पंचविसावा महिना नसतो. त्यामुळे बऱ्याच तारखा चुकूनही तपासणीत चूक सापडत नाही. ‘होय’ हे उत्तर ॲक्सेस उणे एक म्हणून साठवतो. नव्या वेबसाइटने ‘एक’ शोधला तर सगळे रक्तदाते गायब झाल्यासारखे वाटतील. म्हणून हलवण्याआधी आणि नंतर प्रत्येक तक्त्याच्या ओळी मोजा, वीस नोंदी कागदावर काढून डोळ्यांनी ताडून पाहा, आणि जुनी फाइल काही महिने कुलूपबंद ठेवा. तीत वाचता यावे, लिहिता येऊ नये.

चौथी पायरी प्रतींची. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी, हा जुना नियम आपल्या भागात पुस्तकी राहत नाही. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीचे पाणी बदलापूरच्या घरांत शिरले. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना सोडवावे लागले. तळमजल्यावरच्या कार्यालयात मूळ फाइल, आणि तिची प्रत त्याच टेबलाच्या खणात. याला प्रत म्हणत नाहीत. आणि प्रत घेतली एवढ्यावर थांबू नका. तीन महिन्यांतून एकदा ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून दाखवा. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही ती असून नसल्यासारखी.

पाचवी पायरी सगळ्यांत अवघड, कारण ती तांत्रिक नाही. सर्व्हर आला, मुनीम बसला. पण तिजोरीची किल्ली पुन्हा एकाच मुलाच्या मोबाइलवर असेल तर आपण फक्त फाइलीचे नाव बदलले. तो मुलगा नोकरीसाठी पुण्याला किंवा दुबईला जाणारच, जायलाही हवा. डोमेनची नोंद संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या ईमेलवर असावी. पासवर्ड किमान दोघांकडे असावा. कोणत्या तक्त्यात काय आहे हे दोन पानांत मराठीत लिहून ठेवलेले असावे. स्त्रियांची माहिती असलेल्या यादीची जबाबदारी स्त्री कार्यकर्त्यांकडे असावी. आयतीतला लिहिणारा आणि साक्षीदार यांची आजच्या कामातली जागा हीच.

काही जण म्हणतील, एवढा खटाटोप कशाला? ज्यांची यादी दोनशे नावांची आहे आणि ती एकच जण, एकाच कॉम्प्युटरवर वापरतो, त्यांनी हा खटाटोप करूही नये. ॲक्सेस त्यांना पुरेल. प्रत तेवढी नीट ठेवावी. पण ज्या संस्थेच्या वेबसाइटवर अर्ज भरले जातात, जिच्या यादीवरून रात्री दोन वाजता रक्त शोधले जाते, तिने फाइल उघडेनाशी होण्याची वाट पाहू नये. शाळांच्या सुट्टीत, अर्जांचा हंगाम नसताना, शांतपणे हे काम करावे.

तरुण वाचकहो, हे काम तुमचे आहे. मोर्चाला दिसते तशी गर्दी इथे दिसणार नाही, फोटोही निघणार नाही. या तीन शहरांत आयटी आणि कॉमर्स शिकणारी, कंपनीत डेटा सांभाळणारी आपली कितीतरी मुले-मुली आहेत. आपल्या मोहल्ल्यातल्या संस्थेत जा आणि तीन प्रश्न विचारा: माहिती कुठे आहे, तिची दुसरी प्रत कुठे आहे, आणि ती आजवर कोणी उघडून पाहिली आहे? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, तर पहिल्या रविवारचे काम तुम्हाला मिळाले.